नावातला पारा आणि मनातली शंका

मध्यंतरी या स्तंभाच्या एका वाचकांचे सविस्तर पत्र आले. ते निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या साडेतीन वर्षांच्या नातवाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचे निदान नुकतेच झाले आहे. पत्राचा मथितार्थ असा : १९९८ साली ‘मर्क्युरी रायझिंग’ नावाचा इंग्रजी चित्रपट आला होता. त्यातला लहान मुलगा स्वमग्न आहे आणि चित्रपटाच्या नावातच मर्क्युरी, म्हणजे पारा आहे. लशींत पारा असतो असे आपण ऐकतो. मग चित्रपट काढणाऱ्यांना तेव्हाच काही ठाऊक होते आणि त्यांनी ते नावात सुचवून ठेवले, असे समजावे काय? पत्राच्या शेवटी एक साधे वाक्य होते. नातवाची धाकटी बहीण नऊ महिन्यांची झाली आहे, तिला गोवराची लस टोचावी की थांबावे?

चित्रपटाच्या नावाचा प्रश्न एरवी या स्तंभाचा नव्हे. पण त्या शेवटच्या वाक्यामुळे तो आरोग्याचा झाला आहे. म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून सांगतो. लस टोचावी, आणि वेळेवर टोचावी.

नावामागे काय आहे?

चित्रपटाची गोष्ट थोडक्यात अशी. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने प्रचंड पैसा खर्चून एक सांकेतिक लिपी तयार केलेली असते. ती कुणाला उलगडते का हे पाहण्यासाठी खात्यातले दोन तंत्रज्ञ कोड्यांच्या एका मासिकात तिचा नमुना छापून देतात. सायमन नावाचा नऊ वर्षांचा स्वमग्न मुलगा तो सहज सोडवतो. मग खात्यातला वरिष्ठ अधिकारी त्या मुलाच्या जिवावर उठतो आणि ब्रूस विलिसने रंगवलेला पोलिसी अधिकारी त्याला वाचवतो. या गुप्त लिपीचे नाव ‘मर्क्युरी’. गोष्टीत लस नाही, विष नाही, मुलाच्या आजाराचे कारणही कुणी शोधत नाही.

इंग्रजीत ‘मर्क्युरी रायझिंग’ म्हणजे पारा वर चढणे. आपणही तापमान वाढले की पारा चढला म्हणतो आणि घरातल्या मोठ्या माणसाला राग आला तरी पारा चढला असेच म्हणतो. पाठलाग आणि मारामारीच्या चित्रपटाला असे नाव शोभते. शिवाय मर्क्युरी हा रोमन लोकांचा निरोप्या देव, म्हणून गुप्त संदेशांच्या लिपीला ते नाव चपखल. आणि हा चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला, तिच्या नावात पारा औषधालाही नाही. ती १९९६ सालची, ‘सिंपल सायमन’. इंग्रजी शाळेतल्या मुलांना हे नाव एका जुन्या बालगीतामुळे ठाऊक असते.

गूढ अर्थ काढायचाच म्हटले तर किती निघतात पाहा. मर्क्युरी म्हणजे बुध ग्रहसुद्धा. आपल्याकडे ज्योतिषात बुध हा वाणीचा आणि बुद्धीचा कारक मानतात. चित्रपटातला मुलगा फारसे बोलत नाही, पण कोडी सोडवण्यात हुशार आहे. मग नावाचा खरा अर्थ ‘बुधाचा उदय’ आहे असे कुणी म्हटले, तर पाऱ्यापेक्षा तोच अधिक जुळतो! पण तो जुळला म्हणून खरा ठरत नाही. आपण शोधायला बसलो की शब्द काही ना काही देतातच.

तारखा काय सांगतात?

हा चित्रपट अमेरिकेत ३ एप्रिल १९९८ रोजी लागला. त्याच्या सुमारे पाच आठवडे आधी, २८ फेब्रुवारी १९९८ रोजी, ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड व सहकाऱ्यांचा, अवघ्या १२ मुलांवरचा लेख आला होता. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी संबंध असावा, असा संशय त्यातून पसरला. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की अंगावर काटा येतो, हे मान्य. पण चित्रपट महिनोन् महिने आधी लिहिला आणि चित्रित केला जातो. आणि मुख्य मुद्दा हा की वेकफील्ड यांनी ज्या लशीवर बोट ठेवले, त्या लशीत पारा नसतोच. ती जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची लस आहे. पाऱ्याचे संरक्षक द्रव्य घातले तर ते विषाणूच मरतील.

पाऱ्याचा विषय निराळा आणि नंतरचा आहे. एकाच बाटलीतून अनेक मुलांना द्यायच्या काही लशींत जंतू वाढू नयेत म्हणून थायोमर्सल नावाचे द्रव्य अत्यल्प प्रमाणात घालतात. त्यात इथाइल प्रकारचा पारा असतो. जपानमधल्या मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातून माशांत आणि माशांतून माणसांत गेला तो मिथाइल प्रकारचा. नावे सख्ख्या भावांसारखी, पण वागणूक वेगळी. इथाइल पारा शरीरातून बराच लवकर बाहेर पडतो. जुलै १९९९ मध्ये अमेरिकेतील आरोग्य खाते आणि बालरोगतज्ज्ञांची संघटना यांनी सावधगिरी म्हणून हे द्रव्य मुलांच्या लशींतून काढावे असे सुचवले. त्यानंतर २००१ साली काही पालकांनी मिळून लिहिलेल्या एका लेखात, स्वमग्नता ही पाऱ्याची विषबाधाच असल्याची कल्पना मांडली गेली. म्हणजे चित्रपट आधी आणि पाऱ्याचा गवगवा मागून. नंतर आलेल्या समजुतीने आधीच्या नावाला अर्थ चिकटवला.

पुढे काय झाले हेही सांगायला हवे. डेन्मार्कने १९९२ मध्येच हे द्रव्य लशींतून काढले होते. तरीही तिथे स्वमग्नतेचे निदान होणाऱ्या मुलांची संख्या वाढतच राहिली. अमेरिकेतही २००१ पर्यंत मुलांच्या नेहमीच्या लशींतून ते गेले, फ्लूच्या काही लशी तेवढ्या उरल्या. तिथल्या पाहणीत आठ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण २००० साली १५० मध्ये एक होते, ते २०२२ साली ३१ मध्ये एक झाले. पारा गेला आणि आकडा वाढला. पारा हेच कारण असते तर आकडा उतरायला हवा होता. हा आकडा मुख्यतः वाढला तो निदानाच्या व्याख्या रुंदावल्यामुळे आणि पालक, शिक्षक व डॉक्टर अधिक जागरूक झाल्यामुळे.

नावांनी खरेच घात केला तो इथे

नावांत समजूत दडलेली असते हे पत्रलेखकांचे म्हणणे मात्र अगदीच चुकीचे नाही. फक्त त्यांनी चुकीचे नाव निवडले.

१९४३ साली अमेरिकेतील बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करून या विकाराची ओळख करून दिली. तो जन्मजात असावा असे त्यांनीच त्या लेखात म्हटले होते. पण त्याच लेखात आईबाप थंड स्वभावाचे वाटले अशीही टिपणी होती. ती टिपणी वाढत गेली. १९६७ साली ब्रुनो बेटेलहाइम यांचे पुस्तक आले, त्याचे नाव ‘द एम्प्टी फॉर्ट्रेस’, म्हणजे रिकामा किल्ला. आईच्या मायेअभावी मूल स्वतःभोवती तट उभारते आणि आत कुणीच नसते, ही सारी कल्पना त्या नावात आली. पुस्तक न वाचलेल्यांपर्यंतही ती पोहोचली. एका पिढीतल्या असंख्य आयांनी, आपल्यामुळे लेकराचे असे झाले, हे ओझे वाहिले. २००२ साली अशा काही आयांवर एक माहितीपट निघाला, ‘रेफ्रिजरेटर मदर्स’. थंड आया, म्हणजे फ्रीजसारख्या, हे त्यांना चिकटवलेले दूषण. माहितीपटाने तेच नाव घेऊन त्या आयांना बोलते केले.

या समजुतीला उत्तर मिळाले ते मोजमापातून. १९७७ साली लंडनच्या सुसान फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांच्या २१ जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न निघाली. वेगवेगळ्या जुळ्यांच्या दहा जोड्यांत अशी एकही नव्हती. आई तीच, घर तेच. फरक होता तो आनुवंशिकतेचा.

याउलट १९८८ च्या ‘रेन मॅन’ची गोष्ट. ते नाव ऐकून कुणाला पावसाशी काही संबंध असेल असे वाटावे. प्रत्यक्षात धाकट्या भावाला लहानपणी ‘रेमंड’ म्हणता येत नसे, तो ‘रेन मॅन’ म्हणे, एवढाच त्याचा अर्थ. त्या नावात कुणावर ठपका नाही. मात्र प्रत्येक स्वमग्न व्यक्ती गणितात अलौकिक असते हा गैरसमज त्या चित्रपटाने पसरला. आजही आईवडील मला विचारतात, ‘डॉक्टर, याच्यात कोणती खास कला आहे ते कसे शोधायचे?’ बहुतेक मुलांत तशी अलौकिक शक्ती नसते, आणि नसली म्हणून मूल उणे ठरत नाही. आपल्याकडचा २००७ चा ‘तारे जमीन पर’ स्वमग्नतेवरचा आहे असेही पुष्कळांना वाटते. तो वाचन-लेखनाच्या अडचणीवरचा, डिस्लेक्सियावरचा आहे.

२०१६ साली वेकफील्ड यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला ‘व्हॅक्स्ड’ आला. इथे काही दडवलेले नव्हते, नाव हीच फिर्याद होती. पण तोवर ‘लॅन्सेट’ने त्यांचा लेख २०१० मध्ये मागे घेतला होता आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने गंभीर गैरवर्तनाबद्दल त्यांचे नाव नोंदवहीतून काढून टाकले होते.

आईला जे दिसले ते खोटे का?

माझ्या दवाखान्यात एक आई म्हणाली, ‘डॉक्टर, दीड वर्षाचा होता तेव्हा मामा, पाणी म्हणायचा. इंजेक्शन दिलं आणि महिन्याभरात सगळं बंद. मी डोळ्यांनी पाहिलंय.’ सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, ‘मी नको म्हणत होते.’ ती माऊली खोटे बोलत नव्हती. स्वमग्न मुलांपैकी काहींची आलेली बोली साधारण सव्वा ते दोन वर्षांच्या दरम्यान खरोखरच मावळते. आपल्या वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांना आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांना असतो. दोन्ही गोष्टी एकाच वयात येतात. एसटी आली आणि पाऊस पडला, तरी एसटीने पाऊस आणला असे आपण म्हणत नाही. पण लेकराच्या बाबतीत मन इतके शांत राहत नाही.

अशा वेळी एकच कसोटी उपयोगी पडते. ज्यांना लस मिळालीच नाही, त्यांच्यात काय झाले? डेन्मार्कमध्ये २००२ साली ५,३७,३०३ मुलांच्या नोंदी तपासल्या आणि २०१९ साली पुन्हा ६,५७,४६१ मुलांच्या. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण लशीमुळे वाढलेले आढळले नाही. घरात थोरले भावंड स्वमग्न असलेल्या मुलांतही नाही. पत्रलेखकांच्या नातीच्या दृष्टीने हीच बाब महत्त्वाची आहे.

आणखी एक जुना पुरावा मला फार बोलका वाटतो. १९९४ साली अमेरिकेत ज्युली ऑस्टरलिंग आणि जेराल्डिन डॉसन यांनी मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती तपासल्या. ११ मुले पुढे स्वमग्न ठरलेली आणि ११ इतर. केक, फुगे, पाहुणे सगळे सारखे. पण पुढे स्वमग्न ठरलेली मुले माणसांच्या तोंडाकडे कमी पाहत होती, हाक मारली तर कमी वळत होती, बोटाने दाखवणे कमी होते. घरच्यांना तेव्हा ते जाणवले नव्हते. म्हणजे अनेकदा सुरुवात आपल्या लक्षात येण्यापूर्वीच झालेली असते.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने गरोदरपणातील पॅरासिटामॉलकडे बोट दाखवले, तेव्हाही हीच कसोटी लावावी लागली. २०२४ साली स्वीडनमधील सुमारे २४ लाख ८० हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. वरवर पाहता थोडासा संबंध दिसला, पण एकाच आईच्या मुलांची आपसांत तुलना करताच तो नाहीसा झाला. गरोदरपणी अंगात ताप राहणे हेच घातक असते. डॉक्टरांच्या सल्ल्याने गरजेपुरती गोळी घेण्यास हरकत नाही.

चुकीच्या कारणाची किंमत

या समजुतींची किंमत मुले मोजतात. ब्रिटनमध्ये वेकफील्ड प्रकरणानंतर लसीकरण घसरले. ज्या मुलांची लस तेव्हा राहिली, त्यांतली अनेक जण २०१२-१३ च्या स्वान्सी भागातील साथीत सापडली. हजारावर रुग्णांची नोंद झाली आणि एका तरुणाचा मृत्यू झाला. आपल्याकडे २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवराने बालके दगावली. तिथे लस राहण्याची कारणे वेगळी होती, कोरोनाच्या काळात चुकलेले डोसही त्यांत होते. पण लस राहिली की गोवर कारण विचारत बसत नाही. न्यूमोनिया, अतिसार, मेंदूची सूज आणि कधी अंधत्व, हे सारे या ‘साध्या’ आजारातून येते.

दुसरी किंमत उपचारांच्या नावाखाली मोजावी लागते. अंगातला पारा काढतो असे सांगून शिरेतून औषधे देणारे परदेशात निघाले. २००५ साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात अशा उपचारात पाच वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. रक्तातले कॅल्शियम एकदम उतरले आणि हृदय थांबले. शरीरातील विष काढून ऑटिझम बरा करतो असे कुणी म्हणाले, तर तिथून उठून यावे.

तिसरी किंमत घरात मोजली जाते. ग्रहणात सून बाहेर गेली, नोकरी करत राहिली, तिने मुलाला मोबाईल दिला, असे दोषारोप रोज माझ्या कानांवर येतात. मोबाईल आणि टीव्ही लहान मुलांना कमीच द्यावेत, त्यांच्या अतिरेकाने बोलणे मागे पडू शकते. पण स्वमग्नता त्यातून जन्मत नाही. जिने रात्रंदिवस मुलाला सांभाळायचे, तिलाच आरोपी केले तर मुलाला सांभाळणार कोण?

मग कारण काय?

मुख्य वाटा आनुवंशिकतेचा आहे आणि त्यात एक नव्हे, अनेक जनुकांचा हात असतो. आईवडिलांत काही दिसत नसले तरी हे घडू शकते. फार अपुऱ्या दिवसांचा जन्म, वडिलांचे वाढलेले वय, गरोदरपणी आकडीवरचे व्हॅल्प्रोएट हे औषध, यांनी शक्यता काहीशी वाढते. मात्र आकडीचे औषध मनानेच बंद करू नये, आधी डॉक्टरांशी बोलावे.

आणि एक कारण ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली होती. गर्भात असताना ज्यांना रुबेलाची बाधा झाली, अशा २४३ मुलांचा न्यूयॉर्कच्या स्टेला चेस यांनी अभ्यास केला आणि १९७१ साली निष्कर्ष मांडले. त्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त होते. म्हणजे ज्या लशीवर एवढे आरोप झाले, तीच लस स्वमग्नतेच्या एका ठाऊक असलेल्या कारणापासून पुढच्या पिढीला वाचवते. आज जी बालिका रुबेलाची लस घेते, तिच्या उद्याच्या बाळाचेही त्यात रक्षण असते.

पालकांनी काय करावे?

बारा महिन्यांचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोटाने वस्तू दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले बोलणे कोणत्याही वयात गेले असेल, तर थांबू नये. ‘याचे वडीलही उशिरा बोलले’ या दिलाशावर वर्ष घालवू नये. प्रथम कानांची तपासणी करून घ्यावी, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेला वळत नाही. जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करावी. अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक तिथे पाठवू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश असल्याने प्रमाणपत्र मिळते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षणही आहे.

स्वमग्नता मुळासकट घालवणारे औषध नाही. पण वाचा-उपचार, वर्तन आणि दैनंदिन व्यवहारांचे शिक्षण, घरच्यांचा संयम आणि शाळेची साथ यांनी मूल पुष्कळ पुढे जाते. जितके लवकर सुरू करावे तितके बरे. घरात एक मूल स्वमग्न असेल तर धाकट्या भावंडावर अधिक लक्ष ठेवावे, कारण त्याच्यात ही शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. त्याची लस मात्र एकही चुकवू नये. लसीकरणाचे कार्ड आजच काढून पाहा. गोवर-रुबेलाचा डोस राहिला असेल, तर उपकेंद्रावर लसीकरणाचा दिवस कोणता ते विचारून घ्या.